फुलोरा कुठं टांगायचा?

माझ्या तोंडाला लगाम न्हाई, असं सगळं सारोळं म्हणतं. म्हणू द्या! पण ह्या नवरात्रात माझ्या देवघरानं एकीचं तोंड बंद केलं, ते ऐका. ती म्हंजे चंद्राबाई, माझी थोरली जाऊ.

आमचे टाक, म्हंजे घरचे चांदीचे देव, आजवर तिच्याकडं वेल्ह्याला. घट तिथंच बसायचा. यंदा आमी सारोळ्यात नवं घर बांधलं आन् सासूबाई देव घेऊन माझ्याकडं आल्या. त्यांना म्या आत्या म्हणते. जाऊबाई लगेच बोलल्या, "रत्नाला भाकरी थापता येत्यात, देवाचं करता यायचं न्हाई."

आत्या म्हणाल्या, "बघू की. फुलोरा नीट चढला तर देव हितंच. न्हाईतर दसऱ्यानंतर परत वेल्ह्याला."

मंग काय, म्या पदर खोचला. देवघराला हळदीसारखा पिवळा रंग दिला. समया चिंचेनं घासल्या. दाराला झेंडू आन् आंब्याच्या पानांचं तोरण लावलं, पाटाभोवती रांगोळी काढली. मालकांनी छताला पीओपी करून बारीक लाइटी बसवल्या. घट बसला, मातीतलं धान तरारून आलं. रोजची फुलांची माळ देव्हाऱ्याच्या कळसाला अडकवत होते. येणारी-जाणारी बघत ऱ्हायची आन् मला मूठभर मांस चढायचं.

सातव्या माळेला फुलोरा. पहाटेपास्नं कडाकण्या तळल्या. गोड, कुरकुरीत, पुरीएवढ्या. त्याच पिठाची देवीची वेणी केली, फणी केली, बांगड्या केल्या. सगळं दोऱ्यात ओवलं आन् घटावर टांगायला वर बघितलं, तर कडीच न्हाई!

जुन्या घरात आढ्याला कडी असायचीच, म्हणून नव्या घरात ती लावायची असती हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. फुलोरा तर बरोबर घटावर लोंबला पायजे. आन् आमच्यात एकदा घट बसला की दसऱ्यापर्यंत घरात खिळा ठोकायचा न्हाई, घट जागचा हलवायचा न्हाई. कळसाला टांगावा, तर वजनानं कळसच मोडंल.

जाऊबाई सकाळच्या एसटीनं आल्याच होत्या. छताकडं बघून गालात हसल्या.

"लाइटी लावल्या, कडी इसरली! आत्या, टाक गुंडाळायला फडकं आणू का?"

मला रडू आलं, पण रडू त्यांना दाखवंल ती रत्ना कसली! भांडी घासायचं निमित्त करून मागल्या दारी गेले.

शेजारच्या बिलकीसभाभी चादर वाळत घालत होत्या. कशावर? नातवाच्या पाळण्याच्या लोखंडी स्टँडवर! नातू आता धावतो, पाळणा माळ्यावर गेला आन् स्टँडचं झालं वाळवणाचं. दोन्हीकडं पाय, वर आडवा दांडा, दांड्याला मधोमध कडी.

"भाभी, चादर काढा!"

"का गं, पाऊस आला का?"

"देवी खोळंबलीय!"

सगळं सांगितलं. भाभींनी चादर भिरकावली आन् एक बाजू स्वतःच उचलली. नळाखाली स्टँड घासला, पुसला. म्या माझा लग्नातला हिरवा शालू त्याला गुंडाळला, वरनं झेंडूच्या माळा. घटाला धक्का न लावता दोन्हीकडं पाय ठेवले, तर कडी बरोबर घटाच्या डोक्यावर!

"थांबा!" जाऊबाई कडाडल्या. "ह्याच्यात लेकरू झोपत व्हतं. शंभरदा मुतलं असंल. असल्या इटाळाखाली देवी बसवायची?"

बिलकीसभाभींचा चेहरा उतरला. माझ्या जिभेवर असं काही आलं होतं, की सातव्या माळेला ते बोलणं पाप झालं असतं. तेवढ्यात आत्यांनी हात वर केला.

"चंद्रा, तुझा कुमार ल्हानपणी कुणाच्या मांडीवर मुतायचा?"

"माझ्याच की."

"मंग तू इटाळलीस का?"

जाऊबाई छताकडं बघाय लागल्या.

"देवीला आपण आई म्हणतो न्हवं? मंग आईला लेकराच्या मुताचा इटाळ असतो व्हय गं? चढव रत्ना फुलोरा!"

चढवला! वेणी, फणी, बांगड्या, कडाकण्या घटावर झुलाय लागल्या. लाइटी लागल्या, समया लागल्या. "अंबाबाईचा उदो!" म्या अशी वरडले की रस्त्यावरची माणसं दारात आली. आत्यांनी भाभींच्या हातावर पहिला प्रसाद ठेवला.

मंग आत्या पाटावर टेकल्या आन् म्हणाल्या, "चंद्रा, ते फडकं आण बरं."

जाऊबाईंचा चेहरा खुलला. "टाक गुंडाळायला?"

"न्हाई. देव्हारा पुसायला. देव आता हितंच ऱ्हायचेत."

म्या तोंडात पदर कोंबला, तरी हसू बाहेर आलंच.