कासूचा अंगारा आणि बायजाबाईचा पाय

कासू स्टेशनामागे गुणाजीबाबाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आलेल्या बहुतेकांचा पायच दुखरा होता. मिठागरात राबणाऱ्यांचे तळवे चिरतात, चिघळतात. बाबाचा अंगारा दुधातून घेतला की पू आटायचा म्हणे.

"डाक्तर थकले की माझी चिमूट उठते!" बाबा गरजला. "जखमे, ऊठ, पनवेलची गाडी पकड!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या; शेजारचा बघत होता.

आमच्याकडे मीठ विकायला येणाऱ्या बायजाबाईचा पाय मात्र नडगीपर्यंत सुजला होता. "पयल्यांदा गुण आला, बाबा. आता लागूच पडत नाय."

"पुडी पुरी खाल्लीस?"

"परसाद एकटीनं कसा खायचा? आळीत वाटला, चिमूट चिमूट."

"मग भक्ती पातळ झाली. आणखी ने!"

मी बायजाबाईला पेणला नेलं. तिथं दवाखाना चालवणारी माझी पुतणी पद्मजा तिचा पाय पाहून घाबरली. "काका, अशानं पाय कापावा लागेल." ती थेट मांडवात गेली. "बाबा, अंगाऱ्याची परीक्षा घेऊ?" अंगाऱ्यावर भरवसा असल्यानं बाबा खुशाल हो म्हणाला.

दोन दिवसांनी पद्मजानं झाकणबंद काचेच्या दोन ताटल्या आणल्या. एकीत बायजाबाईच्या जखमेतले जंतू वाढवलेले, दुसरीत निडीहून मांडवात पहिल्यांदाच आलेल्या काळुरामच्या. त्यानं अंगारा कधी चाखला नव्हता. दोन्हींत एकीकडे अंगारा, दुसरीकडे चुलीतली राख.

काळुरामच्या ताटलीत अंगाऱ्याभोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडला होता.

"चमत्कार!" बाबानं उडी मारली.

"चुलीच्या राखेभोवती का नाही पडला? कारण अंगाऱ्यात अँटिबायोटिकची गोळी कुटलीय."

बाबा हळूच बसला. बायजाबाईच्या ताटलीतले जंतू तर अंगाऱ्याला खेटून वाढले होते.

"म्हंजे हिचे जंतू नास्तिक झाले?" काळुराम म्हणाला. मांडव हसला.

"असंख्य जंतूंत एखादा मुळातच चिवट असतो," पद्मजा म्हणाली. "चिमूटभर औषधानं नरम ते मरतात, चिवटाला रान मोकळं. मग त्याचीच पिलावळ. शिवाय तो आपली युक्ती शेजारच्या जंतूलाही देतो."

"परसादासारखी?" बायजाबाई पुटपुटली. "ताई, माझा पाय?"

पद्मजानं बायजाबाईच्या जंतूंवर इतर औषधंही तपासली होती. एकानं गोल पाडला होता, एकानंच. त्या औषधानं पाय वाचला, करंगळी गेली.

गुण राखेचा नव्हता, गोळीचा होता. आणि तोही आपण घालवू शकतो. म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी ज्याची त्यानंच घ्यावी, सांगितली तशीच घ्यावी. कळलं नाही तर विचारावं. मलाही चारचौघांत विचारायची भीती वाटते. तरी विचारावं.