कंगवा लावायचा नाही

कंगव्याचा दात तुटला आणि अनन्याच्या केसांतच राहिला. कानिफनाथने मानेच्या वर, केसांच्या आत बोट घालून तो शोधून पाहिला. बोट पुढे जाईना. पोरगी त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये पाठमोरी बसली होती. रडत नव्हती. त्याच्या पँटचं कापड दोन्ही मुठींत गच्च धरून समोरच्या रस्त्यावरून जाणारे उसाचे ट्रॅक्टर बघत होती.

"झालं का पप्पा?"

"झालं."

झालं नव्हतं. त्याने वरवरचे केस तळहाताने दाबून मागे घेतले, पिवळं रबर दोनदा फिरवलं आणि तिला अंगणवाडीत सोडून आला.

पावसाळ्यात त्याची बायको दिपाली काविळीने गेली. तेव्हापासून घरात तिघं उरली होती. तो, चार वर्षांची अनन्या आणि त्याची आई दगडाबाई. दगडाबाईच्या बोटांचे सांधे सुजलेले, तिला स्वतःचा अंबाडा धड बांधता येत नव्हता. कोल्हारला रस्त्याकडेला त्याचं मोटार रिवायंडिंगचं, विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे राहायच्या दोन खोल्या. स्वयंपाक त्याला थोडाफार येत होता. धुणं येत होतं. पोरीचे केस मात्र येत नव्हते.

केस आईचे घेतले होते तिने. बारीक, दाट आणि कुरळे, इतके की ओढून सोडले तर परत वर जाऊन बसत. दिपालीला बघायला गेले होते तेव्हा त्याची एक चुलती परत येताना जीपमध्ये म्हणाली होती, कुरळ्या केसांची बाई हट्टी असती बरं का, बघ बाबा. सगळे हसले होते. तोही हसला होता.

सुरुवातीला तो रोज सकाळी नेमाने बसायचा. कंगवा टाळूवर टेकवायचा आणि खाली ओढायचा, जसा स्वतःच्या केसांतून ओढायचा तसा. वीतभर गेला की अडकायचा. जोर लावला की अनन्या ओरडायची. मग दगडाबाई आतून म्हणायची, "आरं लेकरू हाय ते, बैल न्हाई." तो थांबायचा. पुढे पुढे पोरगी कंगवा बघूनच पाण्याच्या टाकीमागे जाऊन लपायला लागली. मग एखादे दिवशी तो म्हणायचा, "आज राहू दे." तिचं तोंड इतकं उजळायचं की दुसऱ्या दिवशीही तेच म्हणावंसं वाटायचं. वरून हात फिरवला, रबर बांधलं, झालं. आतले केस तो बघत नव्हता. रबराखाली, मानेवर, जिथे ती उशीला डोकं घासायची, तिथे केस एकमेकांत बसत गेले.

ते पहिल्यांदा दगडाबाईच्या हाताला लागलं. अनन्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. म्हातारीचा हात केसांतून फिरता फिरता थांबला. तिने रबर काढलं, केस बाजूला केले आणि एकदम हात मागे घेतला.

"कानिफा. इकडं ये."

तो दुकानातून आला. मानेवर लिंबाएवढा केसांचा गोळा होता. चपटा, कडक, वाळलेल्या शेवाळासारखा.

"गुंता झालाय," तो म्हणाला. "कात्री आनतो."

"कात्रीचं नाव काढू नको." दगडाबाईने पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही हात जोडले, त्या गोळ्याला. "जट हाय ती. देवीची. माझ्या सासूच्या बहिनीला हुती, मी बघितलीय. आता कंगवा लावायचा न्हाई."

"आये, म्या नीट विंचरले न्हाईत म्हनून..."

"नीट न विंचरल्यालं लई जन हायेत गावात. समद्यांना येती का?"

उद्यापासून कंगवा लावायचा नाही, हे ऐकून त्याला हलकं वाटलं. पोरगी टाकीमागे लपणार नाही. आपल्या हातून तिला दुखणार नाही. त्या गोळ्यात आपल्या हाताची कसूर नाही, त्यामागे आपल्याहून कुणीतरी मोठं आहे. तो परत दुकानात गेला आणि अर्धवट राहिलेली मोटार पुढ्यात घेऊन बसला. बराच वेळ त्याने तिला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दगडाबाई सकाळी त्या गोळ्याला हळद-कुंकू लावायला लागली. आळीतल्या बायका बघायला आल्या. कुणी नारळ आणला, कुणी खण. एका म्हाताऱ्या बाईने अनन्याच्या पायाला हात लावला तेव्हा पोरगी दचकून बापाच्या मागे गेली. अंगणवाडीच्या बाईंनी त्याला दारात गाठलं.

"कानिफभाऊ, दुसरी मुलं तिच्याजवळ बसत नाहीत. त्यांच्या आयांनी सांगितलंय, देवीचं पोर आहे, धक्का लावू नका. तुम्ही केसांचं काहीतरी करा."

"आई म्हनती..."

"आई म्हणते ते मला माहिती आहे. तुम्ही काय म्हणता?"

तो अनन्याची चप्पल शोधायला लागला. चप्पल तिच्या पायातच होती.

रात्री जेवताना अनन्याने विचारलं, "पप्पा, देवी कवा जानार?"

"कुठं जानार?"

"तिच्या घरी."

दगडाबाईने तिच्या ताटात भाकरीचा तुकडा कुस्करला. "आसं बोलू नये. खा."

पोरगी एका कुशीवर झोपायला लागली होती. पाठीवर झाली की जागी व्हायची आणि पुन्हा कूस घ्यायची. कानिफनाथ बघायचा. गोळा आता लिंबाएवढा राहिला नव्हता. आजूबाजूचे केसही त्यात ओढले जात होते.

दगडाबाईने ठरवलं, पौर्णिमेला देवीच्या ठाण्यावर जाऊन ओटी भरायची. एकदा ओटी भरली की त्या केसांना जन्मभर कात्री लागत नाही. मग ती पोर देवीची. पुढे तिच्या लग्नाचं काढायचं तरी आधी देवीला विचारायचं. त्याआधी पुष्पावतीला दाखवायचं, म्हणजे कुणी बोट ठेवायला नको. पुष्पावती नदीच्या बाजूला राहायची. सत्तरीची असेल. तिच्या डोक्यावर जट होती, चुंबळीसारखी गुंडाळलेली आणि पदराने झाकलेली. तिच्या भाराने मान कायम डावीकडे कललेली. मंगळवारी परडी घेऊन ती पाच घरं मागायची. गावात जटेचं तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

मंगळवारी ती आली. परडी भिंतीला टेकवून ओट्यावर बसली. दगडाबाईने चहा दिला.

"साखर कमी हाय गं."

"कारखान्याच्या गावात बसून साखर कमी म्हनती," दगडाबाई म्हणाली. "आनते थांब."

"राहू दे. पोर आन."

अनन्या पाठमोरी बसली. पुष्पावतीने हळदीने पिवळी झालेली बोटं त्या गोळ्यावर ठेवली, वरून फिरवली, मग खालून आत घातली. बराच वेळ ती बोटं तिथेच होती. दगडाबाई तोंडाला पदर लावून उभी. कानिफनाथ दाराच्या चौकटीला टेकून.

"दुखतं का गं?" पुष्पावतीने विचारलं.

अनन्याने बापाकडे बघितलं. "न्हाई."

"खरं सांग. मी कुनाला सांगत न्हाई."

"झोपल्यावर दुखतं."

"व्हय," पुष्पावती म्हणाली. "झोपल्यावरच दुखतं."

दगडाबाई पुढे सरकली. "हाय न्हवं देवीचीच?"

"देवीचं न्हाई आसं काय आसतंय, दगडाबाई."

दगडाबाईने जोडलेले हात कपाळाला लावले आणि पोरीवरून ओवाळून कडाकडा बोटं मोडली. सुजलेली बोटं मोडताना तिचं तोंड वाकडं झालं. मग ती पौर्णिमेचं बोलायला लागली. खण कोणता, नारळ किती, टेम्पो कुणाचा. कानिफनाथ दुकानात निघून गेला.

पुढ्यात पाच अश्वशक्तीची मोटार उघडून ठेवली होती. आतली जळलेली वेटोळी काढून झाली होती. नवी तार भरायची तर रीळ हातातून पडून तारेचा गुंता झाला होता. तो खाली बसून सोडवायला लागला. एक वेढा उचलायचा, कुठून आला ते बघायचं, त्याच वाटेने मागे न्यायचा. मग पुढचा.

पुष्पावती परडी घेऊन बाहेर पडली आणि दुकानाच्या पायरीवर टेकली. थोडा वेळ ती त्याची बोटं बघत राहिली.

"कापून टाक की. किती येळ घालवतोस."

"कापली तर जोड येतो मावशी. जोडावर मोटार टिकत न्हाई."

"मग वढून घे."

"वढली तर तारंवरचं वॉर्निश निघतं. टोकाकडनंच यावं लागतं."

रस्त्यावरून उसाची बैलगाडी गेली. तिने पदर जरा मागे सारला आणि मान दुसऱ्या बाजूला वळवायचा प्रयत्न केला. मान वळली नाही. तिने हाताने जट वर उचलून धरली, तेवढ्यापुरता भार कमी करायला.

"माझी आली तवा मी हिच्याएवढीच हुते," ती म्हणाली. "आई बाळंतपनात गेल्ती. बा ऊस तोडायला जायचा. पाचटाच्या कोपीत दोघंच."

कानिफनाथचे हात थांबले.

"त्याला बी बिचाऱ्याला कंगवा धरता येत नव्हता."

तिने जट सोडली, पदर पुन्हा डोक्यावर ओढला, परडी उचलली. जाताना दाराच्या चौकटीला हात लावून तो कपाळाला लावला आणि नदीच्या वाटेने गेली. मान डावीकडे टाकून, पदराच्या आतला भार तोलत.

तारेचं टोक त्याच्या हातात होतं. मग ते त्याने खिळ्याला गुंडाळलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

अनन्या ओट्यावर नारळाच्या शेंडीशी खेळत होती. तो आतून खोबरेल तेलाची बाटली आणि एक वाटी घेऊन आला. पोरीने त्याच्या हाताकडे बघितलं. कंगवा नव्हता. तरी ती उठून टाकीकडे गेली.

"कंगवा न्हाई आनला," तो म्हणाला. "हात बघ."

ती दुरूनच बघत राहिली. मग आली. पाठमोरी बसली आणि त्याच्या पँटचं कापड धरलं.

त्याने तेल बोटांना लावलं आणि गोळ्याच्या टोकाशी, जिथे दोन-चार केस मोकळे लोंबत होते, तिथे हात घातला. बोटांना तांब्याने चिरा पडल्या होत्या, त्यात केस अडकत होते. काही होईना.

"आई पानी लावायची," अनन्या म्हणाली.

"काय?"

"पानी. लई. मग फ्रॉक भिजायचा."

त्याला आठवलं. रविवारी दुकानातून जेवायला घरात आलं की पोरीची पाठ ओली असायची. एकदा तो दिपालीवर चिडला होता, सर्दी होईल तिला, कळतं का तुला. दिपालीने टॉवेल आणून पोरीच्या खांद्यावर टाकला होता, एवढंच.

तो पाणी घेऊन आला. केस भिजवले. हळद-कुंकवाचं लाल पाणी पोरीच्या पाठीवरून उतरलं. पुन्हा तेल. मग एक केस. तो कुठून आला ते बघायचं, त्याच वाटेने मागे न्यायचा. मग दुसरा.

दगडाबाई दारात आली. तिने वाटी बघितली, लाल पाणी बघितलं.

"कानिफा. देवीचं हाय ते."

"आसंल," तो म्हणाला. हात थांबवला नाही.

"काय झालं लेकराला तर?"

"काय व्हायचं राह्यलंय आये?"

ती आत गेली नाही. उंबऱ्यावर बसली.

ऊन ओट्यावरून सरकत पायरीवर गेलं. बोटभर केस सुटले होते, आणि गोळा होता तेवढाच दिसत होता. दोनदा अनन्या कळवळली. दोन्ही वेळा तो थांबला आणि तिने "चालू दे" म्हटल्यावर पुन्हा सुरू केलं. सगळं सुटेल का, त्याला माहीत नव्हतं. आतून काही केस तर नुसती लोकर झाले होते.

मग त्याच्या बोटाला काहीतरी टोचलं. त्याने सावकाश केस बाजूला सारले आणि ते चिमटीत धरून बाहेर काढलं. प्लास्टिकचा एक दात. कंगव्याचा. कुंकवाने लाल झालेला.

त्याने मागे न बघता हात लांब केला. दगडाबाईने तो तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला. रोज सकाळी ज्याला हळद-कुंकू लावून ती हात जोडत होती, त्याच्या पोटातून निघालेलं ते होतं. तिने ते पदराने पुसलं. पुसून पुन्हा बघितलं.

अनन्याची मान पेंगून पुढे झुकायला लागली होती.

दगडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पोरीच्या पुढ्यात येऊन बसली आणि आपल्या वाकड्या बोटांनी तिने तिची हनुवटी खालून धरली, मान पडू नये म्हणून.

"जरा पायरीकडं सर," ती लेकाला म्हणाली. "तिकडं अजून ऊन हाय."