'इतर' नसलेली प्रश्नावली

रक्तदाबाचे रुग्ण औषधं अर्धवट सोडून पुन्हा दवाखान्याचं तोंड का बघत नाहीत, यावर मी पीएचडी करतोय. अशांना घरी गाठायचं आणि प्रश्नावली भरून घ्यायची, ही माझी पद्धत. त्यांची कारणं ऐकून मी मनातल्या मनात कपाळावर हात मारायचो. एवढे घोडे झाले, आणि बहाणे शाळकरी!

माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण मात्र पुढे सरकत नव्हतं, म्हणून मी मार्गदर्शक मॅडमना महिनाभर चुकवत होतो. विभागात त्या दिसल्या की मागच्या जिन्याने सटकायचो. फोन आला की आईला पुढे करायचो, "अंघोळीला गेलाय म्हण."

रविवारी बेल वाजली. दारात मॅडम, आणि त्यांच्या हातात माझीच प्रश्नावली.

"ठरलेल्या भेटीला का आला नाहीत?" त्यांनी गंभीरपणे वाचलं. "विसरलात, बरं वाटत होतं, की ओरडा बसेल म्हणून?"

"तिन्हीवर खूण करा," आतून आई म्हणाली. "महिनाभर नुसती अंघोळच चाललीय त्याची."

मी घसा खाकरला. "मॅडम, यात 'इतर' असा एक पर्याय हवा होता."

"होता की. तूच काढायला लावलास. म्हणालास, लोक तिथे थापा मारतात."