तोमेकाकूंनी काढलेले पान

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे आणि माझे शेवटचे पान खोटे आहे. हे आधीच सांगितलेले बरे. आमच्या मंगा संग्रहालयात लोक जपानी चित्रकथा वाचायला लांबून येतात, बाहेरच्या हिरवळीवर लोळून वाचतात. पण मला कोणी मागत नाही. मी तळघरातल्या कपाटात असतो. तिथे वास नाही, आवाज नाही, आणि माणसाचा हात तर नाहीच नाही.

मला कोणी विकत घ्यावे म्हणून छापले नव्हते. आम्ही भाड्याने देण्याची पुस्तके. ओसाकात एका सार्वजनिक न्हाणीघराला लागून तोमेकाकूंचे खोपटाएवढे दुकान होते. मी आलो त्याच दिवशी त्यांनी दाभणाने माझ्या पाठीला भोके पाडली आणि मला सुतळीने करकचून आवळले. "आता खुशाल शंभर पोरांनी ओढू दे तुला," त्या म्हणाल्या. शंभर पोरांनी खरेच ओढले. न्हाणीघरातून ती ओल्या केसांनी तशीच धावत यायची आणि काकू ओरडायच्या, "मेल्यांनो, हात पुसा आधी! पुस्तक आहे ते, पंचा नव्हे." माझ्या चौदाव्या पानावर भाजलेल्या रताळ्याचा डाग आहे. इथले लोक त्याला खराबी म्हणतात. मला तो फार आवडतो.

माझी गोष्ट साधी आहे. महायुद्ध संपले आहे आणि लांब वेण्यांची एक मुलगी रशियनांनी सैबेरियात कैदेत ठेवलेल्या सैनिक बापाची वाट पाहते. सुटलेल्या सैनिकांना घेऊन बोट आली की ती बंदरावर धावते. शेवटच्या पानावर शेवटची बोट रिकामी होते आणि बाप काही उतरत नाही.

गल्लीतल्या नोबुएचे वडीलही तिकडेच अडकले होते. ती मला पुन्हा पुन्हा घरी न्यायची. एक दिवस तिने ते पान टरकन फाडले, शेगडीत टाकले आणि मला गुपचूप परत आणून ठेवले. मला भयंकर राग आला. काकूंनी मला चाळले आणि शेवटाशी येऊन थांबल्या. आता या पोरीची चांगली कानउघाडणी होणार, असे मला वाटले. पण त्यांनी मला नुसते बाजूला काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दौत काढली, स्वतःच एक पान चितारले आणि खळीने मला चिकटवले. त्यात बाप बोटीवरून उतरतो. मित्रांनो, काकूंना चित्रकलेचा गंधही नव्हता. त्या बापाचा हात थेट मुळ्यासारखा दिसतो. दुसऱ्या पुस्तकांशेजारी बसायची मला लाज वाटायची.

पुढे घरोघरी टीव्ही आला. दुकान बंद पडले, काकू गेल्या. मी खोक्याखोक्यांतून फिरत या संग्रहालयात पोहोचलो, तर माझी एक धडधाकट प्रत इथे आधीच होती. माझ्यावर चिठ्ठी लागली : 'दुबार. शेवटचे पान मूळ नाही.' गेल्या वर्षी कपाटे भरली आणि मी रद्दीच्या पेटीत गेलो. पेटी शनिवारी जाणार होती.

गुरुवारी ऐंशीच्या घरातली एक बाई काठी टेकत आली. पेटी काउंटरमागेच होती, म्हणून मला सारे ऐकू आले. तिथे काम करणाऱ्या चिहारूने तिला ती धडधाकट प्रत दिली.

"हे नव्हे गं. यात बाप येतच नाही."

"आजी, मुळातली गोष्ट अशीच आहे. इतक्या वर्षांनी आठवणीत थोडं इकडचं तिकडे..."

"माझी आठवण पक्की आहे. त्याचा हात मुळ्यासारखा होता. मुळा विसरेन होय मी?"

चिहारू हसली आणि एकदम तिची नजर पेटीकडे गेली. "एक आहे तसं. पण ते टाकून द्यायचंय, अगदी फाटकं आहे."

"आण की मग. मी तरी कुठे नवी आहे?"

तिने मला उघडले आणि मी हात ओळखला. नोबुए! तिने बापाकडे पाहिले, हसली, आणि मग तिचे बोट बंदरावरच्या मुलीवर थांबले. त्या मुलीला वेण्या नव्हत्या. केस कानापाशी कापलेले होते आणि पुढचा एक दात नव्हता.

"अगं बाई," नोबुए म्हणाली, "ही तर मी! लहानपणी मी नुसता बापच बघत बसायची. दात पडला होता माझा तेव्हा. म्हणजे काकूंना सगळं ठाऊक होतं. पान मीच फाडलं होतं, पोरी."

ती बराच वेळ रडली. चिहारूने तिला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाली, "आजी, हे टाकणार नाही आम्ही. खऱ्या पानाची नक्कल काढून लावते, म्हणजे पुस्तक पुरं होईल."

"नको." नोबुएने मला छातीशी धरले. "माझे बाबा कुठल्याच बोटीतून उतरले नाहीत गं. उतरले ते एवढ्या एका पानावर."

चिहारूने माझ्यावरची चिठ्ठी काढून टाकली आणि मला पुन्हा तळघरात ठेवले. त्यानंतर नोबुए आली नाही. त्या वयाचे माणूस कितीदा येणार? इथे अजूनही तितकेच एकटे वाटते, ते कशाला लपवू?

मित्रांनो, फाटके पुस्तक रद्दीत देण्याआधी एकदा शेवटपर्यंत उघडून बघा. माझ्या शेवटी एक माणूस बोटीवरून उतरून उभा आहे आणि त्याच्यासमोर दात पडलेली पोर हसते आहे. त्या दोघांना कोणीतरी जपायला हवे, आणि या तळघरात माझ्याशिवाय त्यांना आहे तरी कोण?