हत्तीचा डोळा बुजवला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाट आहे आणि सध्या भयंकर रागावलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळहळत सांगावी अशी पद्धत आहे. मला ते जमणार नाही.

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका सुताराने मला दत्तात्रेयरावांसाठी घडवले. ते रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. घर दोन खोल्यांचे, पण पाट चांगला रुंद हवा, असा त्यांच्या पत्नीचा, आनंदीबाईंचा हट्ट होता. कारण नवरात्र आले की त्या माझ्यावर खडूने हत्ती काढत, मला मधोमध ठेवत आणि आसपासच्या मुली माझ्याभोवती फेर धरून भोंडल्याची गाणी म्हणत. मुली बडोद्याच्याच, त्यामुळे टाळ्या पडत त्या गरब्याच्या. आनंदीबाई हसून सोडून देत. मग झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. एका वर्षी त्यांनी डब्यात गुजराती हांडवो ठेवला. मुलींनी करंजीपासून वाटल्या डाळीपर्यंत सगळे सांगून पाहिले, पण शेजारच्या घरी नेहमी होणारा पदार्थ कुणालाच सुचला नाही. मला तो वासावरूनच कळला होता, पण मला कोण विचारतो!

त्यांची मुलगी मोहना पाच वर्षांची असताना एकदा आई स्वयंपाकघरात गुंतली होती. हत्ती काढून झाला होता, डोळा राहिला होता. पोरीने भावाच्या दप्तरातला कर्कटक आणला आणि माझ्या अंगात डोळा कोरला, चांगला खोल. दुखले मला. आनंदीबाईंनी येऊन पाहिले आणि हात उचलला. मग वाकून नीट पाहिले आणि हात खाली घेतला.

"बरोबर जागी काढलास गं," एवढेच त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दर वर्षी हत्ती त्या डोळ्यापासून सुरू होई. आधी डोळा, मग कान, मग सोंड. खडू पुसला जाई, डोळा राही. वर्षभर माझ्यावर बसून लोक जेवत आणि मी त्या एका डोळ्याने पुढच्या नवरात्राची वाट पाहत असे.

आनंदीबाई गेल्या आणि त्यांच्या मुलाने, शुभंकरने मला हरणीच्या नव्या फ्लॅटमध्ये आणले. तिथे माझी नेमणूक कुठे झाली, ठाऊक आहे? वॉशिंग मशिनखाली! त्याचा एक पाय डुगडुगत होता म्हणून. सहा वर्षे मी साबणाचे पाणी पीत पडलो. मोहना फतेगंजहून फोन करून पाटाची चौकशी करी आणि हा गृहस्थ माझ्या शेजारी उभा राहून सांगे, की आईची वस्तू जपून ठेवली आहे. जपून! लाकडाला तोंड नसते, म्हणून ही माणसे काहीही बोलतात.

यंदा सोसायटीने ठरवले, की नवरात्रात प्रत्येकाने आपापल्या घरची एक रीत दाखवायची. तेव्हा शुभंकरच्या बायकोला, कोमलला माझी आठवण झाली. ती वाईट नाही, हेही सांगतो. तिने केयूर सुताराला बोलावले. "बेन, एकदम नवा जेवो करी आपीश," तो म्हणाला आणि नव्यासारखा करून देण्याचा शब्द त्याने पाळला. मला घासले, खाचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वर पॉलिश फासले. मी नवा दिसावा म्हणून मला आंधळे केले, मित्रांनो!

भोंडल्याच्या दिवशी मोहना खडू घेऊन आली. माझ्यापुढे बसून तिने बोट फिरवले. पुन्हा फिरवले. कोमल कौतुकाने सांगत होती, की एकेक खड्डा बुजवून घेतला आहे. मोहनाने खडू पर्समध्ये ठेवला.

"तूच काढ हत्ती," ती म्हणाली. "मला आता सुरुवात सापडत नाही."

शुभंकरची आठ वर्षांची ओवी शेजारीच होती. तिने आत्याला खोदून खोदून विचारले आणि डोळ्याची सगळी गोष्ट काढून घेतली. मग ती आत गेली, आपला कर्कटक घेऊन आली आणि आत्याने बोट ठेवले होते तिथेच खुपसून फिरवू लागली. पुन्हा दुखले. पण लांबी निघाली. कोमलने पॉलिशवरचे ओरखडे पाहिले आणि तिचा हात वर गेला.

"कोमल," मोहना म्हणाली, "आईचाही हात असाच वर गेला होता."

कोमलने हात खाली घेतला. मग खाली बसून तिने माझ्यावरचा भुगा पदराने पुसला. मोहनाने खडू काढून ओवीच्या हातात दिला.

माझा राग गेलेला नाही. साबणाची चव अजून अंगात आहे. म्हणून बजावून सांगतो: तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी पडला असेल, तर त्याला चकचकीत करण्याआधी त्याच्या अंगावरचा ओरखडा कुणाचा, ते घरात विचारा. आणि मग त्याला कामाला लावा.

पॉलिशवर खडू घसरत होता. ओवीचा हत्ती तीन पायांवर लंगडतो आहे, सोंड कानाला चिकटली आहे. डोळा मात्र बरोबर जागी आहे.