तिच्या बाजूचं दार

पान्याचा शेवटचा अर्धा फेरा देताना, गाड्यांचे पोचे काढणाऱ्या त्या डेंटरनं श्वास रोखून धरला. साच्याचे वरचा आणि खालचा असे दोन्ही भाग एकमेकांत घट्ट बसले, मधला पत्रा किंचित कुरकुरला आणि भोकाचा काठ सगळीकडून एकसारखा आत वळला. त्यानं बोल्ट सैल करून साचा काढला, काठावरून अंगठा फिरवला. कुठे चीर नव्हती, धार नव्हती. मग पत्र्याची दोन टोकं धरून त्यानं तो पिळून पाहिला. मघाशी नुसती भोकं पाडली होती तेव्हा हाच पत्रा कागदासारखा लवत होता. आता काठ वळल्यावर हट्टी पोरासारखा ताठ झाला होता.

"बसवायचा का?" बायकोनं गाडीच्या आतून विचारलं.

त्यानं तो मागच्या सीटच्या जागी लावायचा पत्रा तिच्या हातात दिला. तिनं तो एका हातानं पेलला आणि समाधानानं हुंकार भरला.

आठवडाभर ती शाळेची बस चालवायची, तीही इतकी सांभाळून की पालकांची तक्रार असे, बाई बस चालवतात की पाळणा हलवतात. आणि हीच बाई वर्षातून एकदा घाटशर्यतीत उतरायची. मुलगी शिकायला परगावी गेली त्या वर्षी दोघं सहज म्हणून शर्यत बघायला गेले होते. परतताना ती म्हणाली होती, आपल्या शेडमागे ती नाक चेपलेली छोटी गाडी पडून आहे ना, तिचं काही करता येईल का? डेंटरला वाटलं, विकायचं म्हणतेय.

आता त्या गाडीचं नाक सरळ होतं, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा होता आणि दर वर्षी ती घाटात थोडी अधिक वेगानं चढत होती. मागच्या खेपेला दुसरी आली होती, अगदी थोडक्यात. इंजिनातून आणखी काही निघण्यासारखं नव्हतं. म्हणून यंदा गाडीतलं वजन काढायचं ठरलं. आतले पत्रे, पायाखालचे आधार, डॅशबोर्डमागची पट्टी, सगळीकडे डेंटरनं खुणा केल्या, गोल करवतीनं भोकं पाडली आणि साच्यात दाबून त्यांचे काठ वळवले. जन्मभर लोकांच्या गाड्यांची भोकं बुजवणारा माणूस, आता स्वतःच्या गाडीची चाळण करत बसला होता.

त्याची थोरली बहीण, जिला सगळा मोहल्ला आक्काच म्हणायचा, एकदा शेडमध्ये येऊन हे सगळं बघून गेली. जाताना म्हणाली, बायको आपल्या पायानं कड्याकडे निघालीय आणि तू तिचं ओझं कमी करून देतोयस. शाबास रे माझ्या भावा.

तो हसला, पण ते बोलणं त्याच्या मनातून गेलं नाही. त्याला पत्रा वाचता यायचा. शेडमध्ये ओढून आणलेल्या गाडीच्या पोच्यावरून तो सांगू शकत असे, वेग किती असेल, चालवणारा कुठल्या बाजूला फेकला गेला असेल. हे वाचन त्यानं कधी कुणाला ऐकवलं नव्हतं. घरी तर नाहीच.

गाडी वजनकाट्यावर चढवली तेव्हा बायको आकड्यांकडे पाहत राहिली, मग दारांकडे. दोन्ही दारांपैकी एक भोकं पाडून चांगलंच हलकं झालं होतं. दुसरं, तिच्या बाजूचं, होतं तसंच होतं.

"हे राहिलं वाटतं," ती म्हणाली.

तो म्हणाला, राहू दे, तेवढ्यानं काय होतंय. मग म्हणाला, वेळ झाला नाही.

तिनं वाद घातला नाही. ती गाडीत बसली, दार ओढून घेतलं आणि खिडकीतून त्याचा हात आत घेऊन दारालगतच्या जाड नळीवर ठेवला.

"काही झालंच तर मला हे धरणार आहे. दार फक्त वारा अडवतं. तुम्हीच सांगितलंत हे मला."

सांगितलं होतं खरं. तो पिंजरा त्यानं स्वतः जोडला होता आणि प्रत्येक सांध्याला लोंबकळून खात्री केली होती. डोक्याला सगळं पटत होतं. हातच उठत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बसवर गेलेली असताना त्यानं ते दार उतरवलं. आतला पत्रा मोकळा केला, पंचनं खूण ठोकली आणि पहिलं भोक पाडून सरळ साचा आवळायला घेतला. अर्ध्यावर टचकन आवाज झाला. काठावर केसाएवढी चीर गेली होती. भोकाची कड कानशीनं साफ करायचीच तो विसरला होता. असली चूक त्यानं शिकाऊ असतानाही केली नव्हती.

तो स्टुलावर बसला, तांब्याभर पाणी प्यायला. चीर गेलेला पत्रा भिंतीला टेकवून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठला आणि मोठी करवत लावून चिरेसकट ते भोक वाढवलं. या खेपेला कड अशी घासली की तिच्यावरून बोट अलगद घसरावं. मोठ्या साच्यात पत्रा न कुरकुरता वळला. त्यानंतरची भोकं एकामागून एक होत गेली. खाली पडलेला पत्र्याचा कीस उन्हात चमकत होता.

संध्याकाळी ती आली. दार स्टँडवर उभं होतं. तिनं प्रत्येक भोकात बोट फिरवलं.

"हे एवढं मोठं का?"

"हात चुकला."

"शोभतंय," ती म्हणाली. मग तिनं दार काखेत मारलं आणि एकटीनंच नेऊन बिजागऱ्यांवर चढवलं.

डेंटर पाने पुसत होता. आता या गाडीत काढण्यासारखं काही उरलं नाही, असं तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा आवाज चढला होता. आपण केलेल्या कामाचा असा अभिमान त्याला फार दिवसांत वाटला नव्हता.

ती दाराशीच उभी राहिली.

"एक उरलंय. राग नाही ना येणार?"

"बोल की."

"यंदा शेवटच्या वळणावर उभे राहू नका."

त्याचा हात थांबला. दर वर्षी तो तिथंच उभा राहायचा, कठड्याला धरून. तिला धीर यावा म्हणून.

"तुम्ही दिसलात की माझा पाय आपोआप अॅक्सिलरेटरवरून वर येतो," ती हळू म्हणाली. "तुमचा चेहरा बघवत नाही हो."

तो खाली वाकून कीस गोळा करू लागला. जमिनीवर काही उरलं नाही तरी गोळा करत राहिला. मग वाकलेलाच म्हणाला, "मग कुठं थांबू?"

"खाली. मी निघते तिथं."

शर्यतीच्या दिवशी त्यानं तिचे पट्टे आवळले, दार लावलं आणि मागं झाला. या खेपेला आक्काही आली होती. घरी बसून जीव टांगणीला लागण्यापेक्षा इथं लागलेला बरा, असं तिचं म्हणणं. निशाण पडलं आणि गाडी पहिल्या वळणाआड दिसेनाशी झाली.

खालून पुढचं काहीच दिसत नव्हतं. नुसता आवाज, तोही डोंगराला आपटून येणारा. डेंटर आपल्या चपलांकडे बघत ऐकत होता. शेवटच्या वळणाशी आवाज खाली बसायचा, हे त्याला दर वर्षीचं पाठ होतं. त्याला वाटायचं, रस्ताच तसा असेल. आवाज त्या वळणापाशी आला. त्यानं मूठ आवळली. आवाज खाली बसला नाही. तसाच चढा, एकसंध, वळणाला वळसा घालून वर गेला आणि माथ्यापलीकडे विरला.

"पडली का रे कुठं?" आक्कानं त्याचा दंड धरला. "बंद झाला आवाज."

"पोचली," तो म्हणाला. "पाय उचलला नाही तिनं."

"कसला पाय?"

ध्वनिक्षेपक खरखरला. कुणीतरी वेळ सांगितली, लोकांत हालचाल झाली, दोघातिघांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. कितवी, कितवी, असं आक्का विचारत होती. त्यानं ऐकलंच नव्हतं.

त्यानं खिशातल्या फडक्यानं हात पुसले, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि शर्यत संपून गाड्या जिथून खाली परत येतात त्या रस्त्याच्या कडेला, सगळ्यांच्या पुढं, लांबूनही दिसेल असा जाऊन उभा राहिला.