दोन माळरानांमधले अंतर

२००३ साली निमोण्याजवळच्या दोन माळरानांमधले अंतर मी उपग्रहचित्रावर मोजले. ते तीनशे दहा मीटर भरले. ‘कुरणे परस्परांशी जोडलेली आहेत,’ असे मी चराऊ जमिनींच्या सरकारी अहवालात लिहिले. ‘कुरणे जोडलेलीच आहेत, मग वेगळी वाट कशाला,’ असे म्हणत दोन्ही माळरानांच्या मधल्या कारखान्याने त्या वाक्याच्या आधारे आपल्या कुंपणभिंतीतली मेंढ्यांची वाट विटांनी बुजवली. चित्रात ती भिंत दिसतच नव्हती. तिची जाडी दीड फूट होती आणि चित्रातला सर्वांत लहान ठिपका तेवीस मीटरचा.

मेंढपाळ हरिबांनी मला कळपामागून वळसा घालून नेले. सकाळी निघालो, पलीकडच्या माळावर पोहोचायला दुपार झाली.

“आबा, मी सरळ रेषेत मोजलं होतं.”

“आन् त्या रेघेला गेट ठिवलंय का, सायेब?”

मी भिंत आणि वळशाचे अंतर लिहून दुरुस्ती पाठवली. अहवालाची सुधारित आवृत्ती निघाली. आत अंतर तीनशे दहा मीटरच राहिले. मुखपृष्ठावर हरिबांच्या मेंढ्या आल्या.